अनुदान, हमीभाव आणि तीन एकरांचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात कुणाचा हप्ता अडकला, कुणाचा अर्ज परत आला, की माणसं सातबारा, पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन आमच्या ओसरीवर येतात. कागद लावून होतात, मग बोलणं निघतं. त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक कोरडवाहू शेतीतले, दोन ते पाच एकरांचे धनी. त्यामुळे उत्तरंही त्यांच्या बांधावर उभं राहूनच दिली आहेत. दर आणि नियम २०२५ च्या खरिपापर्यंतचे आहेत.

शेतीचं अनुदान म्हणजे खात्यावर येणारे दोन हजार रुपये, एवढंच ना?

नाही. ते दिसतात म्हणून तेवढंच अनुदान वाटतं. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून सुरू आहेत. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपये २०२३ पासून मिळू लागले. म्हणजे वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यावर. पण सरकारचा मोठा खर्च आपल्या पासबुकात कधी उमटत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली रक्कम केंद्र सरकार खत कंपनीला देतं. पंपाचं बिल येत नाही, कारण ते राज्य सरकार वीज कंपनीला भरतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य, कारण ते केंद्र आणि राज्य मिळून उचलतात.

यात एक फरक नीट लक्षात घ्या. पीएम किसान कुटुंबामागे मिळतं. अडीच एकरवाल्याला जेवढं, तेवढंच पंचवीस एकरवाल्याला. बाकी जवळजवळ सगळं गोणीमागे, अश्वशक्तीमागे, हेक्टरमागे मिळतं. ज्याची जमीन जास्त, ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्याकडे ते आपोआप जास्त वाहतं. कुणी कट करून हे घडवलं असं नाही, मापच तसं लावलेलं आहे. आणि महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा ओलिताखाली आहे.

मग छोट्या शेतकऱ्याला सरकारकडून शेवटी मिळतं जास्त की जातं जास्त?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हिशेब मांडूनच बघू.

खरीप २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. ऐन हंगामात अनेक बाजार समित्यांत सोयाबीन ४,००० ते ४,२०० च्या आसपास विकलं गेलं. समजा तुमचं तीन एकर सोयाबीन, एकरी सात क्विंटलचा उतारा, म्हणजे २१ क्विंटल माल. क्विंटलमागे ८०० रुपये कमी मिळाले तर १६,८०० रुपये गेले. दोन्ही सन्मान निधी धरून वर्षाचे आले १२,०००. एकाच पिकात, एकाच हंगामात ४,८०० रुपयांची तूट, आणि अजून तुरीचा हिशेब धरलेलाच नाही.

आता कुणी म्हणेल, भाव तर बाजाराने पाडला, त्यात सरकारचं काय? बाजाराचा वाटा आहेच, जगातही त्या वर्षी सोयाबीन भरपूर होतं. पण आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, आणि त्यावर आयात शुल्क किती लावायचं हे दिल्ली ठरवते. कच्च्या तेलावरचं शुल्क बराच काळ ५.५ टक्के होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २७.५ वर नेलं आणि मे २०२५ च्या शेवटी पुन्हा १६.५ वर आणलं. कापसाचंही तसंच. आयातीवर ११ टक्के शुल्क होतं, ते १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झालं आणि ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस घरात येतो ते नेमके हेच महिने.

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी याला 'उणे सबसिडी' म्हटलं होतं. एका हाताने गोणीवर सूट द्यायची आणि दुसऱ्या हाताने भावातून त्याहून जास्त काढून घ्यायचं. शेतकरी संघटनेच्या सगळ्याच मागण्या मला पटतात असं नाही, पण हा हिशेब खरा आहे. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेची आकडेमोडही तेच सांगते. खत, वीज, व्याज सगळं धरूनसुद्धा, भाव दाबणाऱ्या धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याचा एकूण आधार अनेक वर्षं उणे निघतो.

हमीभाव जाहीर झाला म्हणजे तो मिळणारच ना? 'हमी' शब्दच आहे त्यात.

शब्द आहे, कायदा नाही. १९६५ साली कृषिमूल्य आयोग स्थापन झाला, भारतीय अन्न महामंडळही त्याच वर्षीचं. आज आयोगाच्या शिफारशीवरून २२ पिकांचे हमीभाव जाहीर होतात, उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, वेगळी. यात एफआरपी तेवढी कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे. बाकी पिकांत व्यापाऱ्याने हमीभावाखाली घेतलं आणि तुम्ही दिलं, तर सौदा झाला.

हमीभाव खरा कधी होतो? सरकार स्वतः वजनकाटा लावतं तेव्हा. रेशनसाठी गहू-तांदूळ लागतो, म्हणून पंजाब-हरियाणात ती खरेदी दरवर्षी होते आणि तिथल्या शेतकऱ्याला भावाचा भरवसा असतो. शांताकुमार समितीने २०१५ च्या अहवालात म्हटलं होतं की देशातले जेमतेम ६ टक्के शेतकरी हमीभावाने सरकारी यंत्रणेला माल विकतात. आपल्याकडे सोयाबीन-तुरीसाठी नाफेड या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेची केंद्रं उघडतात, कापसासाठी कापूस महामंडळाची. पण कधी उघडतील, किती दिवस चालतील आणि बारदाना पुरेल का, हे हंगामागणिक बदलतं.

मी केंद्रावर माल नेला, तर ओलावा जास्त म्हणून परत पाठवला. असं का?

सोयाबीनसाठी १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झाला की काढणीच्या मालात तो सहज १५-१८ निघतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, पण तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता. कापसाला ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात आणि त्यावर नकार.

खरी अडचण ओलाव्याच्या पुढची आहे. केंद्रावर विकायचं तर ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावर पेरा लागलेला असणं, म्हणजे वेळेत ई-पीक पाहणी, मोबाइलवरून पिकाची नोंद, केलेली असणं, मग मेसेजची वाट, मग ट्रॅक्टरचं भाडं, चाळणीत गेलेलं मातेरं आणि पैसे खात्यावर येईपर्यंतचे दिवस. मोठा शेतकरी थांबू शकतो. छोट्याच्या दारात मळणीवाला उभा असतो, कृषी केंद्राची उधारी असते, दिवाळी तोंडावर असते. तो गावातच खेडा खरेदीत पोती मोजून देतो. ज्याला आधाराची गरज सगळ्यात जास्त, तोच या रांगेत उभा राहू शकत नाही. हमीभावाच्या चर्चेत हे फार कमी बोललं जातं.

यावर एक उपाय हाताशी आहे, तो वापरा. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवा. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. सगळ्याच समित्या ती मनापासून राबवत नाहीत. तरी चार-पाच जणांनी मिळून एका टेम्पोत माल नेला आणि सचिवांना लेखी अर्ज दिला, तर नाही म्हणणं त्यांना जड जातं.

'उत्पादन खर्चाच्या दीडपट' भाव मिळतोय म्हणतात. आमचा खर्च तर त्यात बसत नाही.

बसणार नाही, कारण कोणता खर्च धरायचा यातच सगळं आहे. बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल असा रोख खर्च आणि घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी, एवढं धरून दीडपट काढतात. सोयाबीनचा असा खर्च २०२४-२५ साठी ३,२६१ रुपये धरला होता, त्याची दीडपट म्हणजे ४,८९२. स्वामिनाथन आयोगाची शिफारस सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के जास्त अशी होती, आणि शेतकरी संघटना त्याचा अर्थ सर्वंकष खर्च असा लावतात. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याजही येतं.

दुसरी गोष्ट, हा खर्च सगळ्या देशाची सरासरी आहे. जिथे पाऊस कमी आणि उतारा कमी, तिथे क्विंटलमागचा खर्च सरासरीच्या वरच जातो. मराठवाड्यातल्या हलक्या रानाचा खर्च सरासरीच्या आकड्यात मुरून जातो.

युरिया एवढा स्वस्त, मग इतर खतं महाग का? आणि दुकानदार युरियाबरोबर दुसरं काही घ्यायला का लावतो?

१ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू झालं. त्यात अनुदान ठरलेलं, किंमत मात्र कंपनीने ठरवायची. युरिया त्यातून बाहेर ठेवला आणि त्याची किंमत सरकारने बांधून ठेवली. त्यामुळे युरिया २६६ रुपयांच्या आसपास राहिला आणि ५० किलोची डीएपीची गोणी १,३५० वर गेली. स्वस्त ते जास्त टाकायचं, हे कुणीही करेल. नत्र, स्फुरद, पालाश यांचं ४:२:१ हे प्रमाण चांगलं मानतात, ते कधीच मोडलं. पिकं हिरवीगार दिसतात, पण कीड वाढते, माती बसते, उतारा तिथेच राहतो. ही किंमत शेतकरी आणि त्याची पोरं भरतात, ती कुठल्याही अंदाजपत्रकात नाही.

२०२२-२३ मध्ये, युक्रेन युद्धानंतर जगात खतं महागली, तेव्हा केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेलं होतं. तो बोजा सरकारने घेतला नसता तर अनेकांची पेरणीच झाली नसती, हेही खरं. पण त्यातला वाटा पुन्हा गोणीमागे. उसाच्या एकराला जितक्या गोण्या लागतात, त्याच्या पाव हिश्श्यात कोरडवाहू सोयाबीन निघतं.

दुकानदार जे करतो त्याला 'लिंकिंग' म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. पक्कं बिल मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीची कुठे नोंद राहत नाही.

मोफत वीज, सौर पंप, ठिबक यातलं माझ्या कामाचं काय?

पाणी असेल तर तिन्ही. नसेल तर एकही नाही, आणि हे मी दुःखाने लिहिते आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिल नाही. ज्याच्याकडे विहीरच नाही, त्याच्या वाट्याला यातलं शून्य. शिवाय फुकट विजेने बोअर अधिक खोल जातात, आणि मोठ्याची बोअर पाचशे फुटांवर गेली की शेजारच्या गरिबाची विहीर आधी आटते. पंजाबात हे होऊन गेलं आहे.

'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. दिवसा पाणी देता येतं, रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरावी, म्हणजे पिकाला पाणी वळवावं, लागत नाही, म्हणून मला ही योजना चांगली वाटते.

ठिबकला केंद्र आणि राज्य मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. पण पूर्वसंमती मिळाल्यावर आधी संच बसवायचा, बिल भरायचं, मग मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी, आणि त्यानंतर कधीतरी पैसे. आमच्या तीन एकरांसाठी संच घेतला तेव्हा आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि अनुदान यायला दुसरा उन्हाळा उजाडला. गहाणाचं व्याज धरलं तर ८० टक्के अनुदान पूर्ण हातात आलंच नाही. अनुदान किती टक्के यापेक्षा ते आधी मिळतं की नंतर, हे गरिबाला जास्त महत्त्वाचं.

कांद्याच्या बाबतीत सरकार नेमकं काय करतं?

कांदा हमीभावाच्या २२ पिकांत नाही. म्हणजे पडला तर आधार नाही, चढला तर मात्र हात लगेच पडतो. दोन-अडीच वर्षांचा क्रम बघा. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल झाला. राज्याने क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरमध्ये किमान किंमत काढली, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. ते शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला, तेव्हा उन्हाळ कांदा बाजारात येऊन भाव उतरलेले होते.

लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला हे दिल्लीतलं राजपत्र त्याच दिवशी भावात दिसतं. सकाळच्या आणि दुपारच्या लिलावात फरक पडतो. लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, पण चाळ बांधायला पैसा लागतो आणि तो ज्याच्याकडे आहे तोच चढ्या भावाची वाट बघू शकतो. शिवाय बांगलादेशासारखं गिऱ्हाईक आपण बेभरवशाचे ठरलो की दुसरीकडे वळतं आणि सहजी परत येत नाही.

शहरातल्या ग्राहकाचा प्रश्न खोटा नाही, कांदा महागला तर मजुराच्या ताटातूनही तो जातो. पण त्याला स्वस्त कांदा देण्याचा खर्च एकट्या कांदा उत्पादकाने का सोसावा? बंदी घालायचीच असेल तर त्या दिवसापासून भावातल्या फरकाची भरपाईही त्याच आदेशात असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक रुपयातला पीक विमा का बंद झाला? आता विमा काढावा का?

खरीप २०२३ पासून शेतकऱ्याचा हिस्सा राज्य भरत होतं. अर्जांची संख्या प्रचंड वाढली, त्यात दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवरचे बोगस अर्जही सापडले. खरीप २०२५ पासून पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता लागू झाला. हेक्टरी ५०,००० रुपयांच्या संरक्षणाला हजार रुपये पडतात.

हप्त्यापेक्षा मोठा बदल दुसरा आहे. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं, हे भरपाईचे मार्ग राज्याने काढून टाकले. आता पीक कापणी प्रयोगातलं, म्हणजे निवडक प्लॉटवरचं पीक कापून वजन करून काढलेलं, महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाखाली, म्हणजे विम्यासाठी ठरवलेल्या पातळीखाली, गेलं तरच पैसे. तुमच्या एकट्याच्या वावरातून ओढा वाहून गेला आणि मंडळाची सरासरी बरी निघाली, तर काही नाही. म्हणून कापणी प्रयोग गावात होतो त्या दिवशी तिथे हजर राहा. प्लॉट कुठला पडला, वजन किती भरलं, हे बघणं तुमचा हक्क आहे.

कर्जमाफीने छोट्यांचं भलं होतं का?

ज्याला मिळते त्याचा श्वास मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून कर्जमाफी घेणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण आखणीत चुका असतात. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी आणि त्यावरच्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट, असा नियम होता. विदर्भातला सात एकर कोरडवाहूवाला 'मोठा' ठरला आणि ओलिताच्या चार एकरांचा ऊसवाला 'छोटा'. राज्याची २०१७ ची माफी दीड लाखापर्यंत, २०१९ ची दोन लाखांपर्यंत. दोन्ही बँकेच्या कर्जापुरत्या. बँकेने दारातच उभं केलं नाही म्हणून ज्यांनी सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर हंगाम काढला, त्यांना यात जागा नव्हती.

मी शेत बटईने करतो. मला यातलं काय मिळतं?

जवळजवळ काहीच नाही. राबता तुम्ही, बियाणं तुमचं, जोखीम तुमची, पण सातबारा मालकाचा, म्हणून सन्मान निधी, नुकसानभरपाई, हमीभाव केंद्राची नोंदणी, सगळं त्याच्या नावाने. करार लिहून दिला तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही १९४८ च्या कूळकायद्यापासूनची भीती मालकांच्या मनात आहे. म्हणून सगळं तोंडी. तेलंगणाने २०१८ मध्ये 'रयतू बंधू'तून एकरी पैसे दिले, तेही मालकालाच, जमिनीची कमाल मर्यादा न लावता. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने मात्र बटईदार आणि भूमिहीन शेतमजूर यांनाही धरलं. म्हणजे ठरवलं तर होतं.

तोवर करण्यासारखं एवढंच : नोंदणीकृत भाडेकरार झाला तर तुमच्या नावाने पीक विमा काढता येतो. आणि सहा-आठ बटईदारांनी मिळून संयुक्त देयता गट, म्हणजे एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारा गट, केला, तर जमीन गहाण न ठेवताही बँकेचं कर्ज मागता येतं.

नवरा वारला. सन्मान निधी बंद झाला. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. काय करू?

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका दरवर्षी वाढत आहेत. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. म्हणून पहिलं काम वारस नोंद. जमीन नवऱ्याच्या नावावर होती तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहून तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या, फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर झाला की नवा सातबारा काढा. सासऱ्यांच्या नावावर असेल तर ते हयात असतानाच वाटणीपत्राचा आग्रह धरा. भावकी म्हणेल, घाई काय आहे. घाई आहे. त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक काढा, कारण १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात योजनांसाठी तो लागतो आणि तो सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतो.

शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली होती. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावाने करायचा. आमच्या आजोबांनी तेव्हा आजीच्या नावाने एक एकर केला. पुढे आजोबा गेल्यावर त्या एका एकराच्या सातबाऱ्यावर आजीला पीककर्ज मिळालं, आणि बाकीच्या जमिनीची वारस नोंद व्हायला सात वर्षं लागली.